मेल्टडाऊनमध्ये असताना मला धरू नका, हे घरच्यांना कसं सांगू? (चवथ जवळ आलीय)

नमस्कार. मी ३६ वर्षांची. माहेर फोंड्याचं, सासर डिचोली तालुक्यातलं. दोन वर्षांपूर्वी मला ऑटिझमचं निदान झालं. ऑटिस्टिक मुलांच्या आयांनी लिहिलेलं खूप वाचलं, पण संसार-नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या बाईने लिहिलेलं फारसं सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या चवथीची गोष्ट. गणपती मूळ घरात असतो, सगळी भावकी मिळून पंचवीस-तीस माणसं. मला चवथ मनापासून आवडते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला मी दरवर्षी पुढे असते. आंबाडे, तोरिंगणं, सुपारीचे घड एकेक करून बांधत बसणं मला तासन् तास जमतं. त्या दिवशी पहाटे चारपासून उभी होते, तरी दुपारपर्यंत ठीक होतं. संध्याकाळी आरतीला दोन घुमटं आणि शामेळ ही वाद्यं सुरू झाली, अंगणात पोरांनी फटाक्यांची माळ लावली, कापराचा धूर झाला आणि मागून एका काकींनी खांद्यावर हात ठेवून "आरती म्हण गो" म्हटलं. तेवढं पुरलं. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी कान दाबून खाली बसले होते, ओरडत होते, डोकं भिंतीवर आपटत होते.

आणि सगळे मदतीला धावले. दोघींनी दंड धरले, कुणी तोंडावर पाणी मारलं, चारजण एकदम "कितें जालें, कितें जालें" विचारत होते. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. तो ठसका घशात गेला आणि मी सुटायला हात झटकला. धाकट्या नणंदेची काचेची बांगडी फुटून तिच्या मनगटात घुसली. ते रक्त दिसलं तेव्हा मी गप्प झाले. नंतर दोन तास कोठीत, तांदळाच्या पिंपाआड अंधारात बसून होते. शब्दच फुटत नव्हता, मान हलवणंही जड जात होतं.

मला कुणीही रागावलं नाही. हेच जास्त लागतं. सगळ्यांनी मायेनेच धरलं होतं, आणि त्या धरण्यानेच ते वाढलं. मेल्टडाऊन हा हट्ट नाही. हट्टाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो थांबतो. इथे आवाज, वास, स्पर्श, माणसं सगळं डोक्यात साचत जातं आणि एका क्षणी आवरणं आपल्या हातात राहत नाही. त्यात आणखी एक हात, आणखी एक प्रश्न म्हणजे भरच. २०१३ च्या डीएसएम-५ पासून (डॉक्टर निदानासाठी वापरतात ती पुस्तिका) आवाज-वास-स्पर्शाचा त्रास निदानाच्या निकषांतच धरलेला आहे. हे वाचलं त्या दिवशी मी रडले, कारण तीस वर्षं मी त्याला माझे नखरे समजत होते.

निदानाबद्दल काय वाटतं, हेही सांगते. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला, शाळेतल्या त्या मुलीसाठी, जिला सगळे 'आगाऊ' म्हणायचे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तेव्हा मी एका मैत्रिणीसोबत गेले होते. तिथे हेडफोन लावून जागच्या जागी डुलणारा एक तरुण पाहिला. त्याला कुणी नीट उभा राहा म्हणत नव्हतं. तेव्हा मला माझं काही ठाऊक नव्हतं, पण तो अजून डोळ्यांसमोर आहे. मला ऑटिस्टिक असण्याची लाज नाही. लाज वाटते ती त्या बांगडीची.

नवऱ्याला सगळं माहीत आहे, तो म्हणतो यंदा आपण नको जाऊया. मला जायचंय. पण सासूबाईंना कसं सांगू, की त्यांचा हात मला तेव्हा सहन होत नाही? दृष्ट काढू नका म्हटलं तर त्यांना काय वाटेल? आणि नंतर जे दोन-तीन दिवस अंगात त्राण राहत नाही, तोंड दाखवावंसं वाटत नाही, त्याचं तुम्ही काय करता?

प्रतिसाद

ताई, मी म्हापशाचा, वय ४१, ऑटिस्टिक. सांगायचं ते आत्ताच, घर शांत असताना सांगा. आरतीच्या दिवशी नको. तीसजणांना समजावत बसू नका, एकच माणूस ठरवा, बाकीच्यांना लांब ठेवणं हे त्याचं काम. माझ्याकडे ते माझा भाऊ करतो. मी डोकं आपटू लागलो तर तो डोकं आणि भिंतीच्या मध्ये उशी सरकवतो, बोलत नाही, धरत नाही. खिशात मी चिठ्ठी ठेवतो, 'हात लावूं नाकात, हांव बरो जातलों' (हात लावू नका, मी बरा होईन), कारण तेव्हा बोलता येत नाही. इअरप्लग लावा, पण घुमटाचा ठोका छातीत जाणवतोच, म्हणून आरतीला दाराशी उभ्या राहा. आणि पहाटे चारपासून राबू नका, दुपारी तासभर त्याच कोठीत दार लावून पडा. मी तरी ते साचणं आरतीपासून नाही, पहाटेपासून मोजतो. नंतरच्या दिवसांत मी रजा टाकतो, पेज खातो, झोपतो. कुणी तुमच्याशी चांगलं वागलं होतं का त्या रात्री? तिथून बोलायला सुरुवात करा.

धागाकर्ती

तुमचा शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. त्या रात्री सासूबाई कोठीच्या दाराशी ताट घेऊन आल्या होत्या. हळदीच्या पानातल्या दोन पातोळ्या. दिवा लावला नाही, काही विचारलं नाही, उंबऱ्यापलीकडे नुसत्या बसून राहिल्या. पानाच्या वासाने मला हळूहळू श्वास घेता आला. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. काल सांगितलं, की मांय, तुम्ही तेव्हा केलंत तेच करा, आधीचं नको. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, दृष्ट मी काढणारच, पण मागच्या परसात काढीन, धूर आत यायचा नाही. आज त्यांनी कोठीतली पिंपं सरकवून चटई घालण्यापुरती जागा केलीय.

नणंदेशी अजून बोलले नाही. रविवारी तिच्याकडे जातेय, बांगड्या घेऊन.