मॉरिस मायनरमध्ये १२७५चे इंजिन बसवावे का?

धागाकर्ता

माझी १९५९ सालची मॉरिस मायनर १००० ही छोटी ब्रिटिश गाडी पत्र्याच्या कामातून नुकतीच बाहेर आली आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या दाराखालच्या सिलला सहज स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि ओंजळभर तांबडा गंज जमिनीवर सांडला. दोन्ही सिल आणि मागच्या स्प्रिंगच्या हँगरभोवतीचा पत्रा नवा घालावा लागला.

आता पाळी इंजिनाची. मूळचे ९४८ सीसी इंजिन तेल जाळते. बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठे करून, त्यात नवे पिस्टन घालता येतील, पण मला एमजी मिजेट या स्पोर्ट्स गाडीचे १२७५ सीसी इंजिन बसवायचे आहे. ३७च्या जागी ६५ अश्वशक्ती मिळेल, आणि दोन्ही इंजिने ए-सिरीज कुळातली असल्याने बॉडी कापावी लागणार नाही. इंजिन बदलले की गाडीचे मूळपण गेले, हे मला पटत नाही. १९४८ साली मायनर ९१८ सीसी साइडव्हॉल्व्ह इंजिन घेऊन आली, ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्यावर ८०३चे आले, १९५६ साली ९४८चे आणि १९६२ साली १०९८चे. कारखान्यानेच चार इंजिने वापरली असतील, तर पाचव्याला विरोध कशासाठी?

प्रतिसाद १

कारखान्याने केलेला बदल हा त्या गाडीचा इतिहास असतो. आपण साठ-पासष्ट वर्षांनंतर केलेला बदल ही आपली हौस असते, आणि या दोहोंना एका मापाने मोजणे मला मान्य नाही. आपल्या गाडीच्या दारामागच्या खांबातून वळताना दिशा दाखवायला बाहेर येणारा ट्रॅफिकेटरचा दांडा १९६१ साली बंद झाला, म्हणजे आपली गाडी एका ठरावीक काळाची साक्ष आहे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये घुमणारा ९४८चा आवाज त्याच साक्षीचा भाग आहे. शिवाय अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या या गाडीचे खरे बळ अश्वशक्तीत कधीच नव्हते. रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग आणि पुढच्या टॉर्शन बारच्या (पिळल्या जाणाऱ्या सळीच्या) सस्पेन्शनमुळे ती वळणावर जी पकड धरते, तिचा आनंद ३७ अश्वशक्तीतही पुरेपूर मिळतो. ज्या इंजिनाचे बोअरिंग होऊ शकते, ते जिवंत आहे. त्याला कोपऱ्यात टाकू नका.

प्रतिसाद २

मूळपणाचा वाद बाजूला ठेवून मी ब्रेकबद्दल बोलतो, कारण माझा विरोध तिथे आहे. आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांना ७ इंची ब्रेक ड्रम आहेत. कारखान्याने १०९८चे इंजिन दिले, तेव्हा पुढचे ड्रम ८ इंची केले आणि डिफरन्शियलचे (मागच्या चाकांमधल्या गिअरांचे) प्रमाणही ४.५५ वरून ४.२२ वर आणले. म्हणजे आपण ज्या बदलांचा दाखला देत आहात, त्यांत इंजिन एकटे आले नव्हते. १२७५चे इंजिन ७ इंची ड्रमवर चालवणे हा निष्काळजीपणा आहे, मग ते कितीही सुबक बसलेले असो. वाढलेल्या ताकदीचा ताण गिअरबॉक्सवर आणि मागची चाके फिरवणाऱ्या हाफ-शाफ्टवरही येतो. मी स्वतः आधी पुढे डिस्क ब्रेक बसवले आणि मगच इंजिन उचलले. विमा कंपनीला बदल कळवणेही विसरू नका.

धागाकर्ता

ब्रेकचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी तो लिहायलाच हवा होता. डिस्क आधी बसतील, इंजिन नंतर. मागे ३.९चे डिफरन्शियल घालण्याचा विचार आहे. त्याने त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सातव्या हिश्शाने कमी होतील, म्हणजे ताशी ६० मैलांना आज मिनिटाला जवळजवळ ४००० फेऱ्यांवर ओरडणारी गाडी ३४००च्या आसपास धावेल. मला मोटरवेवर शर्यत लावायची नाही. ट्रकांच्या रांगेत सुरक्षितपणे सामावून जायचे आहे. ब्रिटनच्या नियमांतही चाळीस वर्षांवरील गाडीला एमओटी या वार्षिक तांत्रिक चाचणीतून जी सूट मिळते, तिच्यासाठी त्याच मूळ इंजिनाची वेगळी क्षमता हा मोठा बदल धरला जात नाही.

साक्षीबद्दल जे लिहिले गेले, ते मात्र मनाला लागले. ९४८चे इंजिन मी विकणार नाही. त्याचे बोअरिंग आत्ताच करून, सिलिंडरांत तेल घालून, त्याच्या क्रमांकाच्या पट्टीसह ते स्टँडवर ठेवीन. माउंटिंगसाठी एकही नवे भोक पाडणार नाही.

प्रतिसाद १

तसे असेल तर माझी हरकत निम्मी उरते. स्टँडवरचे इंजिन महिन्यातून एकदा हाताने फिरवत राहा, नाहीतर पिस्टनच्या रिंगा जाम होतील. तरीही मी आपल्या जागी असतो, तर ९४८च घातले असते.