जीवनसत्त्व 'क' आणि जीवनसत्त्व 'के'

कोणीतरी विचारलंय की व्हिटॅमिन सी ला मराठीत 'क' का म्हणतात, व्हिटॅमिनच्या गोळीला 'ताकदीची गोळी' म्हणावं का, आणि खनिज म्हणावं की क्षार. आपल्याकडे भूमितीतला त्रिकोणपण अबक असतो ना, तोच क्रम, अ ब क ड, तिसरा सी म्हणून तो क. मग व्हिटॅमिन के आलं तेव्हा क आधीच देऊन झालेला, म्हणून ते 'के'. हे अक्षर मात्र क्रमाने आलेलं नाही, हेन्रिक डॅम या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये रक्त गोठण्याच्या जर्मन शब्दावरून, म्हणजे कोआगुलात्सिओनवरून ते घेतलं.

एका मात्रेचा फरक, पण आमच्या घरात महागात पडला. मालवणची मावशी रक्त पातळ राहायची गोळी घेते, वॉरफेरीन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की के असलेल्या पालेभाज्या रोज साधारण तेवढ्याच खा, एकदम वाढवू नका, एकदम बंदही नको. घरी कोणीतरी कागदावर लिहिलं 'क जपून'. झालं, तळलेल्या बांगड्यावर लिंबू पिळायला गेलो तर ताट बाजूला, "माका लिंबू नको, डॉक्टरान क बंद केल्यान". आवळापण बंद. आणि गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी दोनदा वाढून घेतली, पुढे आठवडाभर तीच आणि माठ, खरा के तर त्याच पाल्यात! पुढच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली आलेला, म्हणजे गुठळीची भीती वाढलेली, डोस परत बसवावा लागला.

तेव्हाच कळलं की ती दुकानातून आणलेली 'ताकदीची गोळी'पण घेत होती, पाकीट बघितलं तर त्यात के. म्हणून हा शब्द मला खटकतो. जीवनसत्त्वातून कॅलरी मिळत नाहीत, त्या अन्नातूनच येतात, गोळी फक्त कमी पडलेलं भरून काढते. 'पूरक गोळी' म्हटलं तर निदान माणूस विचारेल, कशाला पूरक?

खनिज की क्षार, तर लोह, कॅल्शियम, झिंक यांना खनिजंच म्हणा, बोलताना क्षार चालतं, पण विहिरीच्या पाण्यातले ते पण क्षार आणि दवाखान्यात सोडियम कमी झालं की तेही क्षार, गोंधळ होतो. आणि लिहिताना सत्त्व, त ला त जोडून, पुढे व.

मावशीच्या फ्रिजवर आता मी मोठ्या अक्षरात चिकटवलंय, के म्हणजे पाला, क म्हणजे लिंबू.