कॅपस्टोन एकट्यानेच करू द्या म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

टेस्टवाली
परवा इथे एकटा_जीव यांची पोस्ट आली होती. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शेवटच्या वर्षाचा मोठा प्रोजेक्ट, म्हणजे कॅपस्टोन, टीममध्ये देणं हा अन्याय आहे, पाच जणांचे मार्क एकाच्या जागरणावर उभे असतात, बाकी चौघं फुकटे, म्हणून ज्याला जमतं त्याला एकट्यालाच वेब सर्व्हिस बांधू द्या. खाली नुसती "अगदी अगदी"ची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता नाही बसवत.

माझ्या टीममध्ये मी अशाच चौघांपैकी एक होते. लॉगिन आणि सेशन माझ्याकडे होतं. दहा दिवस घालून लिहिलं, टेस्ट लिहिल्या, पुल रिक्वेस्ट (माझा कोड तपासून मुख्य कोडमध्ये घ्या, ही विनंती) उघडली, तीन दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर आमच्या हिरोने रात्री अडीच वाजता अख्खं ऑथ फोल्डर उडवून जेडब्ल्यूटी (सर्व्हरने सही केलेला लॉगिन टोकन) वापरून नव्याने लिहिलेलं आणि थेट मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडवर, ढकललेलं. कमिट मेसेज (बदलासोबतची नोंद) काय, तर "फिक्स". माझ्या ब्रांचवर (कोडच्या माझ्या प्रतीवर) एकोणीस फायलींत कॉन्फ्लिक्ट, दोघांचे बदल एकमेकांवर आदळलेले. विचारलं तर म्हणे "अगं तुझं वाचत बसण्यापेक्षा माझं मी पटकन केलं". बरं त्या टोकनला एक्स्पायरीच नव्हती, म्हणजे लॉगआउट केलं तरी जुना टोकन कायम मजेत चालू. माझ्या टेस्टने हे पकडलं असतं, पण टेस्टही उडवलेल्या, का तर "फेल होत होत्या".

व्हायव्हात हाच म्हणाला की ऐंशी टक्के काम मी केलं. खोटं नव्हतं हो! केलंच होतं, आमच्या हातातलं काढून घेऊन. एकट्याने एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायचा दरवाजा) उभं करणं दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये होऊन जातं. दुसऱ्याचा कोड वाचायचा, न पटलेलं तोंडावर सांगायचं आणि तरी शुक्रवारी डिप्लॉय करायचं, हे जमतं का ते बघायला कॅपस्टोन असतो.

एकटा_जीव
वा, म्हणजे मी न भेटताच हिरो ठरलो. माझ्या टीमची यादी ऐका ताई. एक जण तिसऱ्या आठवड्यात गायब, थेट डेमोला इस्त्रीच्या शर्टात उगवला. दुसऱ्याने चार महिन्यांत लोगो केला, आणि लोगोच्या तीन आवृत्त्या. तिसऱ्याने एन्व्ह फाइल (गुपित सेटिंगची फाइल) डेटाबेसच्या पासवर्डसकट रेपोत, म्हणजे टीमच्या कोडच्या साठ्यात, पुश केली, मग ती डिलीट करून नवा कमिट टाकला आणि म्हणाला "काढली", हिस्टरीत राहते हे त्याच्या गावीच नाही. चौथा बॅकएंडवाला, त्याचं प्रत्येक एंडपॉइंट (एपीआयचा एकेक पत्ता) कायम २०० द्यायचं, म्हणजे "सगळं ठीक" हा एचटीटीपी स्टेटस, आणि बॉडीत "सक्सेस: फॉल्स". यांचा कोड प्रेमाने वाचत बसू? जागरण मी केलं, ग्रेड पाचही जणांना सारखी. तुमची गोष्ट वाईट आहे, पण ती अपवाद आहे.

शेवटचा_बाक
बाकी सगळं पटलं, पण २०० आणि बॉडीत एरर यात चौथ्याचं चुकलं काय? सर्व्हरपर्यंत रिक्वेस्ट पोचली, सर्व्हरने उत्तर दिलं, एचटीटीपीचं काम संपलं. धंद्याचा एरर धंद्याच्या बॉडीत. मी नोकरीत रोज असंच करतो.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट
बाक, तुमच्यासारख्यांमुळे आमच्या मॉनिटरिंगमध्ये सगळं कायम हिरवंगार दिसतं आणि फोन येतो तेव्हा कळतं की आग लागलीये. ४०० ते ५९९ हे एररचे आकडे काय शोभेला ठेवलेत?

शेवटचा_बाक
ग्राफक्यूएलवाले (तीही एपीआयचीच एक पद्धत) वर्षानुवर्षं २०० मध्येच एरर पाठवतात, त्यांना जाऊन शिकवा.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट
त्यांचं एकच एंडपॉइंट, एका रिक्वेस्टमध्ये अर्धं यशस्वी अर्धं फेल होऊ शकतं, म्हणून तसं. तुमच्या "युजर सापडला नाही"मध्ये अर्धं काय सापडलं होतं?

आता किस्साच सांगतो. आमच्या कॅपस्टोनला पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लावलेला, आणि कुणीतरी हौसेने २०० वाले रिस्पॉन्स दहा मिनिटं कॅश करायला (जपून ठेवून तेच परत द्यायला) सांगितलेलं. आमचाही असाच एक थोर बॅकएंडवाला. डेमोच्या दोन मिनिटं आधी डेटाबेस रीस्टार्ट झाला, तेवढ्यात कुणीतरी पान रीफ्रेश केलं, सर्व्हरने २०० मध्ये "सक्सेस: फॉल्स" दिलं आणि प्रॉक्सीने ते भक्तिभावाने जपून ठेवलं. डेटाबेस आला परत, पण पानावर तोच एरर. आम्ही लॉग उघडतोय, लॉगमध्ये काहीच नाही, कारण रिक्वेस्ट आमच्यापर्यंत येतच नव्हती. ५०० दिला असता तर प्रॉक्सीने ठेवलाच नसता. डेमोचा स्लॉट पंधरा मिनिटांचा, त्यातली आठ मिनिटं परीक्षक आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो.

शेवटचा_बाक
ही कॅश लावणाऱ्याची चूक झाली, माझी नाही.

टेस्टवाली
धागा मार्कांवर आहे. अवांतर आवरा.

फ्रंटएंडचा_वाली
सॉरी ताई पण यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही ४०४ पाठवा, ५०० पाठवा, समोर जावास्क्रिप्टचं फेच (सर्व्हरकडून डेटा आणायचं फंक्शन) वापरणारा नवखा असेल तर त्याला सगळं सारखंच. नेटवर्क तुटलं तरच फेच एरर टाकतं, स्टेटस काय आला ते आपणच तपासायचं, आणि कॅपस्टोनमध्ये ते कुणीही तपासत नाही. थेट जेसन (डेटाचा फॉरमॅट) समजून पार्स, एररचं पान एचटीएमएल असतं, मग "अनपेक्षित टोकन <". चार वर्षांत सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य माझ्यासाठी हेच.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट
म्हणून बॅकएंडने खोटं बोलायचं?

शेवटचा_बाक
खोटं कोण बोलतंय, शब्द जपून वापरा. तुमच्यातलाच एक चुकीच्या इनपुटला ४२२ द्या म्हणतो, दुसरा ४०० द्या म्हणतो, यावर आमच्या टीमची एक अख्खी मीटिंग गेलीये, दीड तास! मी शेवटी २०० ठेवलं ते शांततेसाठी.

खडूस_परीक्षक
मी हा कोर्स शिकवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मलाच लागू. वरच्या भांडणात पडत नाही (४२२ लाच माझं मत, पण पडत नाही).

सारखी ग्रेड हा अन्याय आहे, मान्य. मग मोजायचं कसं ते सांगा. एका सेमिस्टरला मी कमिट आणि ओळी मोजून मार्क दिले. एकाने रीडमीतला एकेक शब्द बदलून कमिट केले. एकीने खरं काम केलं, पण मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बसून, आणि गिट त्या लॅपटॉपच्या कॉन्फिगमधलंच नाव लावतं, त्यामुळे हिच्या नावावर जवळपास शून्य. ओळींत पहिला कोण? ज्याने लॉक फाइल (पॅकेजांची आपोआप बनणारी यादी) कमिट केली तो, एका फटक्यात बारा हजार ओळी. पुढच्या वर्षी एकमेकांना मार्क द्यायचा फॉर्म आणला, तर सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा.

आता मी व्हायव्हात कुठलीही एक पुल रिक्वेस्ट उघडतो आणि जिने किंवा ज्याने ती लिहिली नाही त्याला विचारतो, हे काय चाललंय समजाव. लिहिणाऱ्याने तोपर्यंत गप्प बसायचं. हिरो लोकांची सगळ्यात जास्त तडफड इथे होते.

आणि टीमच्या आकाराचं म्हणाल तर १९७५ मध्ये "द मिथिकल मॅन-मंथ" या पुस्तकात फ्रेड ब्रुक्स सांगून गेलाय, पाच माणसांत बोलण्याच्या दहा जोड्या, आठ केली की अठ्ठावीस. आमच्याकडे काही वर्षं आठच्या टीम होत्या, कारण परीक्षक कमी. तेव्हा "चार जण गायब" ही तक्रार निम्मी आमचीच करणी.

एकटा_जीव
सर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. निदान कुणीतरी कबूल केलं.

टेस्टवाली
सर, पुल रिक्वेस्टची आयडिया आमच्या वेळी हवी होती.

बोलण्याच्या जोड्यांवरून आठवलं. आमच्या हिरोचं आणि ऑर्डर बघणाऱ्या दोघांचं मध्यावर बोलणं बंद झालं. तर शेवटी डेटाबेसमध्ये युजरची दोन टेबलं. एकात आयडी आकडा, दुसऱ्यात यूयूआयडी (लांबलचक अक्षरं-आकड्यांचा आयडी). मध्ये जोडणारं तिसरं टेबल, ते मी लिहिलं, कारण दोन्ही पार्ट्यांशी बोलणारी मी एकटीच उरले होते. प्रोग्रामर मेल्विन कॉनवेने १९६८ मध्येच म्हटलंय की माणसं जशी बोलतात तशीच सिस्टिम बनते. आमच्या स्कीमात (टेबलांच्या रचनेत) ते भांडण कॉलमनिशी दिसत होतं. हे एकट्याने करून कुठून कळणार?

एकटा_जीव
एकट्याने केलं असतं तर एकच टेबल झालं असतं की!

टेस्टवाली
टाळ्या. पण माझ्या मूळ मुद्द्याला बगल देऊ नका. तुम्ही कुणाचा कोड न सांगता फेकून दिला होता का, हो की नाही?

एकटा_जीव
...हो. त्या २०० वाल्याचं युजर मॉड्युल. पण त्याने पासवर्ड एमडी५ (जुना, सहज फुटणारा हॅश) करून ठेवले होते, सॉल्टसुद्धा (प्रत्येक पासवर्डला जोडायचा रँडम तुकडा) नाही. ते तसंच जाऊ द्यायचं होतं का?

टेस्टवाली
नाही. फेकायलाच हवं होतं. का फेकलं ते त्याला सांगितलं?

एकटा_जीव
रात्रीचे तीन वाजले होते. सकाळी डेमो.

टेस्टवाली
आणि डेमोनंतर?

एकटा_जीव
नंतर कोण कुणाशी बोलतं. त्याला बहुतेक अजूनही वाटत असेल की डेमोत चाललं ते त्याचंच. असो. गायब झालेला आणि लोगोवाला यांच्याबद्दल मी एक शब्द मागे घेत नाही. याच्याबद्दल घेतो, अर्धा.

शेवटचा_बाक
सगळं मिटलंच असेल तर परत विचारतो, डिलीट केल्यावर २०० द्यायचा की २०४ (ठीक, पण बॉडी रिकामी)?

मर्ज_कॉन्फ्लिक्ट
बाक, तुम्ही वेगळा धागा काढा. मी येतोच तिथे.