प्रश्न निव्वळ मानसिकतेचा नाही
'विशेष गरजा असलेली मुले शिक्षकांना वर्गात नकोच असतात' हे तुमचे विधान मला अर्धेच पटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले, त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकण्यातील अडचण) आली, पण बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा (अशा मुलांना इतरांसोबत एकाच वर्गात शिकवण्याचा) पेपर लिहून आलेल्या शिक्षकापुढे असे मूल प्रत्यक्ष येऊन बसते, तेव्हा त्याच्या हाताशी फारसे काही नसते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतील, अशा मुलांसाठी असलेल्या विशेष शिक्षकाला अनेक शाळा सांभाळायच्या असतात, त्यामुळे तो येणार अधूनमधूनच. नकार पुष्कळदा या हतबलतेतून येतो. मात्र अंशतः दृष्टी असलेल्या मुलीला पहिल्या बाकावर बसवायला किंवा फळ्यावर लिहिताना मजकूर मोठ्याने वाचायला कोणते प्रशिक्षण लागते? तेवढेही टाळणाऱ्यांबाबत तुमचा आक्षेप रास्तच आहे.