उदास मूडमध्ये स्ट्रूप चाचणी: रचनेत काही खटकतंय का?

काजवा:
एम.ए. प्रबंधासाठी निरोगी विद्यार्थ्यांना उदास संगीत ऐकवून लगेच स्ट्रूप चाचणी (रंगाचं नाव लिहिलेला शब्द न वाचता त्याच्या अक्षरांचा रंग सांगायचा) घ्यायची आहे. गृहीतक असं: उदासी म्हणजे सेरोटोनिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) कमी, म्हणून बोधनिक नियंत्रणही (ध्येयाप्रमाणे लक्ष आणि वागणं आवरण्याची क्षमता) कमी. आणखी कोणती चाचणी घ्यावी का?

शाल्मली_न्यूरो:
गृहीतकाचे दोन्ही सांधे कच्चे आहेत. पहिला सांधा. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं. ट्रिप्टोफॅन वगळलेलं अमिनो आम्लांचं पेय दिलं की 5-6 तासांत रक्तातलं ट्रिप्टोफॅन खूप उतरतं आणि मेंदूत सेरोटोनिन तयार होणं मंदावतं. तरी नैराश्याचा इतिहास नसलेल्यांचा मूड बहुधा हलत नाही. एसएसआरआय (सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची औषधं) घेऊन नुकत्याच सावरलेल्यांत मात्र लक्षणं तात्पुरती परतू शकतात.

दुसरा सांधा. मार्मोसेट माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधलं (मेंदूच्या पुढच्या भागातलं) सेरोटोनिन घटवल्यावर ती बक्षीस बंद झालेल्या जुन्या पर्यायालाच चिकटून राहिली. आकृतीच्या एका गुणावरून दुसऱ्याकडे लक्ष वळवणं मात्र शाबूत होतं. म्हणजे सगळं नियंत्रण एकगठ्ठा ढासळत नाही. ध्येय मनात धरून ठेवण्यात डोपामाइन आणि नॉरएड्रेनालिनचा वाटा मोठा, आणि ही रसायनं कमी पडली तरी पंचाईत, जास्त झाली तरी पंचाईत. सेरोटोनिनमध्ये स्वतः फेरफार करणार नसाल तर गृहीतकातून सेरोटोनिन काढाच.

मापनवाला:
संगीताने आणलेली उदासी फार टिकत नाही, 10-15 मिनिटांत बरीचशी ओसरते. चाचणी त्यात बसवा, नाहीतर मधे पुन्हा संगीत लावा. मूडची नोंद आधी, संगीतानंतर आणि शेवटी, अशी तीनदा घ्या. शेवटची नोंद हमखास राहून जाते.

75 टक्के शब्द जुळणारे ठेवा (‘लाल’ लाल रंगात). न जुळणारेच जास्त असले तर प्रत्येक शब्द ‘रंग सांग’ ही सूचना नव्याने आठवून देतो. जुळणारे जास्त असले की माणूस नुसतं वाचत सुटतो, आणि मधेच न जुळणारा आला की चुकतो. म्हणून इथे वेळेइतक्याच चुकाही बोलतात.

200 मिलिसेकंदांखालचे प्रतिसाद वगळा. उदासीत एकूणच वेग मंदावला, तर जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या शब्दांना लागलेल्या वेळांमधला फरक नुसत्या मंदपणानेही फुगतो. सोबत त्या दोन वेळांचं गुणोत्तर काढा. हा फरक गटांच्या तुलनेला चालतो, पण व्यक्तिगणिक त्याची विश्वसनीयता कमी, त्यामुळे नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या गुणांशी सहसंबंध काढून फारसं हाती लागणार नाही.

‘चूक!’ असा शेरा पडद्यावर दाखवू नका. नैराश्यात अपयशाचा शेराच पुढची कामगिरी बिघडवतो, मग दोन परिणामांची गल्लत होते.

शाल्मली_न्यूरो:
दुसरी चाचणी घ्यायचीच तर एएक्स-सीपीटी. यात अक्षरं जोडीने येतात: आधी संकेताचं, मग उत्तर द्यायचं. ‘ए’नंतर ‘एक्स’ आला तरच एक कळ, एरवी दुसरी. एएक्स जोड्या 70 टक्के, एवाय, बीएक्स, बीवाय प्रत्येकी 10 (‘बी’ म्हणजे ‘ए’ सोडून कोणताही संकेत, ‘वाय’ म्हणजे ‘एक्स’ सोडून कोणतंही अक्षर). संकेत आधीपासून धरून ठेवणारा एवायवर फसतो. ऐनवेळी आठवू पाहणारा बीएक्सवर. उदास गटात बीएक्सच्या चुका वाढून एवायच्या घटल्या, तर नियंत्रणाची पद्धत बदलली म्हणता येईल. दोन्ही वाढल्या, तर नुसतं लक्ष उडालंय.