पंचविसावा वाढदिवस आणि आई-बाबा पुण्यात येताहेत. काय दाखवू?

मुक्ता_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मला पंचवीस पूर्ण होतात. त्यासाठी आई-बाबा अंबाजोगाईहून येताहेत. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसतील, शनिवारी पहाटे स्वारगेटला उतरतील आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. बाबांची सोमवारी शाळा आहे.

मी नोकरीला लागल्यापासून ते खास माझ्याकडे असे पहिल्यांदाच येताहेत, कारण आतापर्यंत त्यांना ठेवायला माझ्याकडे जागाच नव्हती. कॉट बेसिसवर, म्हणजे इतर मुलींबरोबर एका खोलीत एका कॉटपुरती जागा भाड्यानं घेऊन, राहत होते. याच महिन्यात कर्वेनगरात एक आरके घेतलाय. भाडेकरार माझ्या एकटीच्या नावावर आहे. अकरा महिन्यांचाच आहे, मला माहीत आहे, पण एजंटनं लॅपटॉपला जोडलेल्या त्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला तेव्हा छातीत धडधडत होतं. पहिल्या पगारापेक्षा मला याचं अप्रूप जास्त वाटलं. पगार हातात आला आणि गेला. इथे दार माझं आहे, किल्ली माझी आहे.

आता मुद्द्याचं. आमचा चौघींचा ग्रुप होता. एकीला बेंगळुरूला नोकरी मिळाली, एक लग्न करून नाशिकला गेली, तिसरीला आता कायमची रात्रपाळी आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी बहुतेक एकटी असते. आणि खरं सांगते, मी मजेत असते. सुदर्शन रंगमंचला प्रायोगिक नाटक असेल तर जाते, बालगंधर्व नाट्यगृहाला जाते, पाऊस नसेल तर सकाळी वेताळ टेकडी. जानेवारीत फिल्म फेस्टिव्हल असतो तेव्हा रजा टाकून दिवसभर सिनेमे बघते. शेजारच्या खुर्चीवर कोणी ओळखीचं नसलं तरी नाटक तेवढंच रंगतं, हा माझा अनुभव आहे.

आईला मात्र हे पटत नाही. फोनवर तिचं सुरू असतं, "सुट्टीच्या दिवशी दिवसभर काय करायलीस?" मी म्हणते नाटकाला गेले होते. "कुणासंगं?" एकटीच. मग ती गप्प होते, आणि थोड्या वेळानं विषय बदलते. तिला वाटतं मी इथे एकटी पडलेय आणि तिला वाईट वाटू नये म्हणून नाटकाबिटकाचं सांगतेय.

म्हणून मला या दोन दिवसांत त्यांना माझं पुणं दाखवायचंय. शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग त्यांचं झालेलं आहे, नातेवाइकांच्या लग्नाला आले होते तेव्हा. मला विचारायचंय ते असं:

नाटक कुठलं आणि कितीचा प्रयोग बघू? आई-बाबांनी नाट्यगृहात बसून नाटक बघितल्याला खूप वर्षं झालीत. बाबांचा डावा गुडघा दुखतो, त्यांना जिने आणि चढ जमत नाहीत. तरी टेकडीचा काही मार्ग आहे का? आणि वाढदिवसाचं जेवण बाहेर करावं का? आईला हॉटेलात मेनूकार्ड दिलं की ती उजवीकडचा रकाना आधी वाचते आणि मग तिला भूकच नसते.

बाबा इतिहास शिकवतात. त्यांच्यासाठी काही असेल तर फारच छान.

---

शुभदा_डहाणूकर

मुक्ता, आधी नव्या घराचं अभिनंदन. एक आरके असो नाही तर बंगला, किल्ली आपली असली की ते घर.

नाटक नक्की दाखव, आणि बालगंधर्वलाच दाखव. तुझ्या घरापासून कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह जवळ पडेल हे खरं, मी स्वतः नेहमी तिथेच जाते. पण बाबा इतिहासाचे आहेत ना? त्यांना सांग की बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्याच, हातून झालं होतं. इमारत पूर्ण होऊन १९६८ साली नाट्यगृह सुरू झालं तेव्हा ते हयात नव्हते. पु. ल. देशपांडे या कामात मनापासून गुंतलेले होते. ज्या माणसाचं नाव द्यायचं त्याच्याच हातून पाया, हे मला फार मोठं वाटतं.

प्रयोग संध्याकाळी साडेपाचचा घे. साडेनऊचा नको. तो सुटेपर्यंत मध्यरात्र होते, मेट्रो बंद झालेली असते, आणि रात्रभर प्रवास करून आलेली माणसं दुसऱ्या अंकात पेंगतात. साडेबाराचाही नको, त्या दिवशी त्यांना दुपारी झोपू दे. तिकिटं ऑनलाइन काढ, पण जागा निवडताना नीट बघ. बाल्कनी अजिबात नको, जिने आहेत. खाली मधल्या रांगांतली, वाटेलगतची कडेची खुर्ची बाबांना दे म्हणजे पाय लांब करता येईल. पुढच्या रांगांचं तिकीट हल्ली पाचशेच्या घरात जातं. तेवढ्यासाठी मन मारू नकोस, पण गुडघ्याचा विचार केला तर मागचीच जागा बरी. मध्यंतरात बटाटेवडा खायचाच. त्याची रांग मोठी असते, पडदा पडला की तू लगेच धाव, आई-बाबांना बसू दे.

प्रायोगिक नाटक या वेळी नको. सुदर्शन छोटं आहे, नट हाताच्या अंतरावर असतो, ती जवळीक तुला आवडते कारण तुला सवय झालीय. आईला आधी सरळ गोष्टीचं, चांगल्या नटांचं व्यावसायिक नाटक बघू दे.

टेकडीचं विसर. ऑगस्टमध्ये वेताळ टेकडीची वाट निसरडी होते. त्याऐवजी जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्वपासून जवळच, पाताळेश्वर आहे. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं, एकाच खडकात खोदलेलं, आणि समोर तो गोल नंदीमंडप. सपाट आहे, चार पायऱ्या सोडल्या तर गुडघ्याला त्रास नाही. नाटकाआधी तासभर तिथे बसा.

---

टिपरू

शुभदाताईंनी नाटकाचं सांगितलंच आहे, मी रविवारचं सांगतो. ऑगस्टअखेर म्हणजे ढोल-ताशा पथकांचे सराव जोरात असतात. संध्याकाळी नदीपात्रात या. एका बाजूला एक पथक, थोडं पुढे दुसरं. मिरवणुकीत गर्दीमुळे जे दिसत नाही ते सरावाला दिसतं: नवीन मुलं हात कसा उचलतात, ताशावाला इशारा कसा देतो, तीस-चाळीस ढोल एका ठोक्यावर कसे थांबतात. आई-बाबांना अगदी जवळ नेऊ नका, छातीत आवाज घुमतो. थोडं लांब, बाबांना बसायला घडीची खुर्ची न्या.

आणि एक, तुम्ही स्वतः पथकात का येत नाही? आमच्याकडे निम्म्याच्या आसपास मुली आहेत. कुणी लातूरच्या, कुणी जळगावच्या, शहरात कुणी ओळखीचं नाही म्हणून आलेल्या. ढोल कमरेला बांधून तासभर ताठ उभं राहणं ही पहिली परीक्षा. हाताला फोड येतात, मग हात तयार होतो. दोन महिने रोज त्याच माणसांना भेटलं, ढोलाचं पान (ज्यावर वाजवतात तो पडदा) ताणायला एकमेकांना मदत केली, सराव संपल्यावर एकत्र चहा घेतला की ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. गेल्या वर्षी मला ताप होता तेव्हा पथकातली दोघं जण डबा घेऊन आली होती, माझ्या ऑफिसातल्या कुणाला पत्ताही नव्हता. या वर्षी उशीर झालाय. पुढच्या वर्षी जूनमध्ये नाव नोंदवा.

---

वर्धेचा_वाकडात

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका ताई. नाटक, लेणं, ढोल, जेवण, दोन दिवसांत किती कोंबणार? माझे आईवडील वर्ध्याहून आले तेव्हा आईनं पहिल्यांदा काय बघितलं असेल? गॅसचा पाइप. मग दाराची कडी. मग शेजारच्या काकूंशी दारात उभी राहून अर्धा तास बोलली, त्यांचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला, आणि त्या रात्री शांत झोपली. माझ्या आवडीच्या जागा बघून तिला आनंद झाला असता, पण तिची काळजी मिटली ती त्या नंबरानं.

तुमच्या आईला प्रश्न आहे की माझ्या लेकीला मध्यरात्री बरं वाटेनासं झालं तर दार कोण वाजवणार? याचं उत्तर बालगंधर्वला मिळत नाही. शेजाऱ्यांना चहाला बोलवा. डबा देणाऱ्या मावशी असतील तर त्यांची भेट घालून द्या. भाजी घेता त्या माणसाकडे आईला न्या. त्यानं "ताईंच्या आई का?" म्हटलं की बघा चेहरा.

---

शुभदा_डहाणूकर

वर्धेकर, शेजाऱ्यांचं शंभर टक्के पटलं. मुक्ता, ते कर. शनिवारी सकाळचा चहा शेजाऱ्यांबरोबर, ठरलं.

पण नाटक काढू नकोस. आईची काळजी एक, आणि आईचं गप्प होणं दुसरं. "कुणासंगं?" विचारून ती गप्प होते, कारण नाट्यगृहात एकटी बसलेली मुलगी तिच्या डोळ्यांसमोर येते, आणि ते चित्र तिला उदास वाटतं. तिनं एकदा ते पाहायला हवं: तिसरी घंटा, दिवे मंद होतात, आणि एवढी सगळी माणसं एकदम हसतात. तिथे एकटं कोण असतं गं? मी माझे यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा एकटी गेले ती यशवंतरावलाच. मध्यंतरात शेजारच्या बाईंनी वड्याचं अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आज त्या माझ्या मैत्रीण आहेत. आम्ही पाच-सहा जणी आहोत, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, पण तुला चालत असेल तर तूही ये. आमच्यात सुदर्शनला यायला कुणी तयार नसतं, मला सोबत हवी आहे.

वेळ मिळाला तर आणखी एक बघ. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी याच दिवसांत भरत नाट्य मंदिरात असते. महाविद्यालयांच्या एकांकिका, आणि पडदा उघडायच्या आधी मुलांचं ते "अरे आव्वाज कुणाचा!" १९६३ पासून चाललेली स्पर्धा आहे. माझा मुलगा त्यात दिवे सांभाळायचा.

---

मुक्ता_अंबाजोगाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मला काय बोलावं कळत नाही. काल रात्री आईला फोन केला आणि काही न लपवता विचारलं, की तुला पुण्यात काय बघायचंय. ती म्हणाली, "तू जिथं जातीस तिथं ने." नाटकाचं सांगितलं तर म्हणाली, "येते मी. पण गोष्ट आधी सांगू नको."

मग तीच बोलत राहिली. आमच्याकडे नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो, मोठमोठे गायक-वादक येतात. लग्नानंतर नवीन असताना आई तिथे जाऊन बसायची. बाबा कधी कधी घरीच थांबायचे, आई शेजारणीबरोबर जायची आणि शेजारीण लवकर उठली तर एकटीच शेवटपर्यंत ऐकायची. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. माझी आई एकटी गाणं ऐकत बसायची! मला तिला कितीतरी विचारायचंय.

आता ठरलं ते असं. शनिवारी सकाळी समोरच्या जोशीकाकू आणि खालच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी चहाला. आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणणार आहे, तेच सगळ्यांना. मग आईबरोबर भाजी. दुपारी झोप. साडेतीनला रिक्षानं नळ स्टॉप, तिथून मेट्रोनं संभाजी उद्यान, स्टेशनात लिफ्ट आहे. पाताळेश्वर बाबांना आवडणारच. आमच्याकडची शिवलेणी, जिला आम्ही हत्तीखाना म्हणतो, तिथेही नंदीमंडप आहे, त्यामुळे बाबा तुलना सुरू करतील आणि नाटकाला उशीर होईल, तेवढं मला बघावं लागेल. साडेपाचची तिन्ही तिकिटं काढली, वाटेलगतची एक धरून. रात्रीचं जेवण घरी. मी भात-आमटी करणार, आईला ओट्याजवळ येऊ देणार नाही.

पुरुषोत्तम या वेळी राहू दे, वर्धेकरदादांचं ऐकलं.

शुभदाकाकू, सुदर्शनला मी तुमच्याबरोबर नक्की येणार. आणि डिसेंबरात सवाई गंधर्वला आईला बोलवायचा विचार आहे. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव एवढंच तिला सांगितलं, तर तिनं लगेच "किती दिवस असतो?" विचारलं. मुकुंदनगरला भारतीय बैठकीत तिला चार-पाच तास बसणं जमेल ना?

टिपरूदादा, रविवारी रात्री साडेनऊला स्वारगेटहून गाडी आहे. नदीपात्रात किती वाजता यावं?

---

शुभदा_डहाणूकर

बैठक जमेल, पण पाठीला उशी आणि अंगावर शाल हवी, डिसेंबरातल्या संध्याकाळी मांडवात गार वारा येतो. खुर्चीची तिकिटंही असतात, ती लवकर संपतात. आईला पाचही दिवस ठेवून घे.

---

टिपरू

साडेपाचला या, सातपर्यंत बघा आणि निघा. लक्ष्मी रस्त्यावरून जाऊ नका, सणाच्या खरेदीची गर्दी असते. एकच अडचण: खडकवासल्यातून पाणी सोडलं तर नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि आम्हाला सराव दुसरीकडे हलवावा लागतो. तसं झालं तर रविवारी दुपारपर्यंत इथेच जागा कळवतो. आणि आईंना ताशा वाजवून बघायचा असेल तर सांगा, मी देतो.