छापील मजकुरात तरी शुद्धलेखनाचा आग्रह धरायला हवा की नको?

मुद्रितशोधक
फ्लेक्स, लग्नपत्रिका, पाट्या, दिवाळी अंक – लोकांसमोर जाणारा मजकूर छापण्याआधी जाणत्या माणसाच्या नजरेखालून जायलाच हवा. 'अर्थ कळला ना, मग झालं' हे मला मान्य नाही. 'महाराष्ट्र दीन' असा फलक लागतो तेव्हा अर्थच उलटतो: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे केविलवाणा.

नियम काही शेकड्यांनी नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार, एवढेच. रोजच्या बहुतेक चुका त्यातल्या मोजक्या नियमांत बसतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, मती. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' ही अव्यये तेवढी ह्रस्व. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ: गरीब, वकील, मूल. प्रत्ययाआधी सामान्यरूप झाले की तेच ह्रस्व होते: गरिबाला, वकिलाने, मुलाचा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र हलत नाही: शरीराला, परीक्षेत, नागरिकांना. 'इक' प्रत्यय नेहमी ह्रस्व, म्हणून 'हार्दिक'. समासातले पहिले पद मुळात ह्रस्वान्त असेल तर ह्रस्वच, म्हणून 'भूमिपूजन'. पण 'वधूवर', कारण वधू मुळातच दीर्घ.

जोडाक्षरे फोडून पाहिली की पक्की होतात. महत् + त्व, म्हणून महत्त्वात दोन त. नेतृ + त्व, म्हणून नेतृत्वातल्या जोडाक्षरात एकच. उज्ज्वल, तज्ज्ञ यांत दोन ज. सहस्र आणि स्रोत यांत त नाहीच.

भाषाअभ्यासक
संस्कृत शब्दांचा जो नियम तुम्ही एका वाक्यात उरकलात, तिथेच खरी गाठ आहे. 'गुण' ह्रस्व, 'खूण' दीर्घ. बोलताना दोन्हीतला उकार आपण सारखाच लांबवतो. म्हणजे बरोबर लिहायला कान पुरत नाही, शब्दाचे कुळ ठाऊक हवे. 'मुलाला' ह्रस्व, पण 'मूलभूत' दीर्घ, कारण ते मूल संस्कृत. 'मंत्री' दीर्घ, पण 'मंत्रिमंडळ' ह्रस्व, कारण मूळ शब्द मंत्रिन्. संस्कृत न शिकलेल्या मुलाने हे कशाच्या आधारे ओळखायचे?

'शरिराला' लिहिणारा मराठीचाच नियम पाळत असतो. तो नियम सर्व शब्दांना सरसकट लावा, 'गूण' लिहा, 'गुणाला' लिहा. अपवादांचे ओझे बरेच कमी होईल. अर्थाचा घोटाळा होईल ही भीतीही मला खरी वाटत नाही. पूर्वी 'नांव' म्हणजे ओळखीचे आणि 'नाव' म्हणजे होडी असा भेद होता. १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, दोन्ही 'नाव' झाली, आणि वाचणाऱ्यांचे काहीही अडले नाही.

मुद्रितशोधक
अनुस्वार गेले ते ठरवून गेले. नियम बदलला, मग पाठ्यपुस्तके त्यामागे गेली. आजचा 'हार्दीक' हा कुणी ठरवलेला बदल नाही. तो तुमच्या प्रस्तावात बसत असेलही, पण प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे. नियम रीतसर बदला, मी उद्यापासून 'गूण' लावीन. तोवर एकाच पत्रकात 'वकिलाने' आणि 'वकीलाने' दोन्ही सापडणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

अक्षरजुळणीकार
संदर्भाने कळते हे माणसापुरते खरे, शोधयंत्रापुरते नाही. 'दऱ्या' घ्या. हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: नुक्तावाला ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर ही न दिसणारी जोडखूण, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण साध्या शोधात एक टाकले तर दुसरे बहुधा सापडत नाही, आणि सूची लावताना दोन वेगळ्या जागी पडतात. काम हातात घेतल्यावर आधी 'शोधा-बदला' वापरून एकच पद्धत करून घ्या.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांतला मजकूर बदलताना आणखी जपा. त्यांत ह्रस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. परिवर्तक कच्चा असेल तर 'आशीर्वाद'चा 'आर्शीवाद' होतो आणि दोष लेखकाच्या माथी बसतो. रूपांतरानंतर पहिली नजर रफारांवरून फिरवा.

संगणकातल्या शुद्धलेखन-तपासनिसावर विसंबू नका. दिन आणि दीन दोन्ही शब्दकोशात असल्यामुळे तो गप्प बसतो, आणि प्रत्यय लागलेल्या कित्येक बरोबर रूपांखाली लाल रेघ ओढतो.

भाषाशिक्षिका
छापील मजकुराला हा आग्रह जरूर लावा, पण तोच काटा मुलांच्या वहीवर चालवू नका. निबंधात 'शाळेतिल' सहादा आले तर ती एकच चूक धरावी. शिवाय वऱ्हाडातल्या मुलाने 'पाणी'चे 'पानी' लिहिणे आणि 'महत्त्व'चे 'महत्व' लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात त्याच्या घरची बोली आहे. ती चूक म्हणून खोडायची नाही, प्रमाण रूप शेजारी लिहून द्यायचे. पंधरवड्याला एकच नियम घ्यावा, आणि सुरुवात सामान्यरूपापासून करावी.

मुद्रितशोधक
हे पटले. भाषाअभ्यासकांना मात्र एक प्रश्न: 'गूण' स्वीकारले तर 'गुणपत्रक' कसे लिहायचे?

भाषाअभ्यासक
'गूणपत्रक'. समासातही पहिल्या पदाचा उच्चार लांबच राहतो, 'दूधवाला' आपण दीर्घच लिहितो. 'गुणवान', 'गुणवत्ता' यांचे काय करायचे, हे मात्र ठरवावे लागेल. प्रत्यय लागला की उच्चार आखडतो की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही.